आठ मजले, बत्तीस डबे

४ सप्टेंबर

शेवटी बोलावलंच. सकाळी दहाला बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा फोन. पालिकेची नोटीस आली आहे: पंधरा तारखेपासून कचरा वेगळा करून दिला नाही, तर गाडी उचलणार नाही. आठ मजले, चौदा ऑफिसं, दोन कॅन्टीनं आणि अक्कल असलेला माणूस एकही नाही. म्हणून माझी आठवण. मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण, असं म्हणाला. खरंच आहे. सहाव्या मजल्यावर एकतीस वर्षं मी ऑफिस चालवलं. मॅनेजर नऊ आले नि गेले, मी तिथेच. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी या बिल्डिंगच्या स्वच्छतेबद्दल सेक्रेटरीला सतरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. आता कळलं, तो पत्रं साठवत होता.

मानद पद आहे. सस्टेनेबिलिटी सल्लागार. विचार करायला दोन दिवस मागावेत असं ठरवलं होतं, पण त्याने फोन ठेवायच्या आत मीच होकार देऊन टाकला.

यांना सांगितलं. पेपरच्या आडून म्हणाले, परत? एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कशातही पुढाकार घेतलेला नाही.

संकल्प: तीन महिन्यांत आदर्श इमारत. नवी डायरी आणली. कपाटात दोन अर्ध्या कोऱ्या पडल्या आहेत, पण त्यांचे विषय वेगळे होते (व्यायाम; फ्रेंच).

५ सप्टेंबर

सर्व्हे. आठही मजले पायी, कारण लिफ्ट बंद. निष्कर्ष: शिकलेला माणूस स्वतःचं टेबल आवरतो आणि तिथेच त्याचं शिक्षण संपतं. तिसऱ्या मजल्यावर एक साहेब आहे, टाय इतका घट्ट की डोळे बाहेर आलेत. त्या टायवाल्याच्या डब्यात मिळालेल्या वस्तू: अर्धं सँडविच, प्रिंटरचं कार्ट्रिज, एक मोजा, आणि एका मेलच्या चाळीस छापील प्रती. मेलच्या तळाशी लिहिलेलं, झाडं वाचवा, हा मेल छापू नका.

मग तळघर. पार्किंगच्या मागे, पाण्याच्या पंपाला लागून एक खोली. एक बल्ब. सगळ्या मजल्यांच्या पिशव्या संध्याकाळी तिथे येऊन पडतात आणि सकाळी गाडी यायच्या आत एकच बाई त्या आवरते. सगळे तिला मावशी म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असेल. मी मावशी म्हणणार नाही असं ठरवलं होतं, पण नाव विचारायचं राहिलं. हातात रबरी मोजे, एक पिवळा, एक निळा. बसा बाई, म्हणाली, आणि एक क्रेट पालथं घातलं. बसले नाही. पांढरे कपडे होते.

मी म्हटलं, तुमची काही सूचना? म्हणाली, बाई, वरच्यांना एकच सांगा, डब्यात चहा ओतू नका. कागद भिजला की मेला. बाकी मी बघते. आणि हो, मोज्यांचा एक जोड मिळेल का बघा, हे दोन्ही डाव्या हाताचे आहेत.

साधी माणसं लहान विचार करतात. प्रश्न चहाचा नाही, मानसिकतेचा आहे.

पावणेअकरापासून तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. अकराला निघावंच लागतं म्हणे. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात तिसरं कोणी नाही, आणि म्हातारी हिच्या हातूनच खाते, दुसऱ्या कोणाच्या नाही. ही वेळ जमते म्हणून दहा वर्षं इथे चिकटून आहे. सफाईच्या ठेकेदाराने आता तंबी दिली आहे की पंधरापासून गाडी रिकामी परत गेली, तर तूही परत गेलीस म्हणून समज.

मी धीर दिला. म्हटलं, मी आहे ना.

९ सप्टेंबर

डबे आले. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा, लाल घातक वस्तूंचा, काळा वायरी नि बॅटऱ्यांचा. मजल्यावर चार, असे बत्तीस. प्रत्येक डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी थर्माकोलमध्ये, थर्माकोल खोक्यात. तळघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशी म्हणाली, बाई, कचरा कमी करायचे डबे ना हे? मी म्हटलं, सुरुवातीला थोडी गुंतवणूक लागते.

१० सप्टेंबर

सूचनाफलक तयार केले, डब्यामागे दोन, म्हणजे चौसष्ट. टिकावेत म्हणून लॅमिनेट करून घेतले. यांनी एक हातात घेऊन वाचला, प्लॅस्टिकचा वापर टाळा, आणि उलटसुलट करून बघत विचारलं, हे वरून काय लावलंय? काही माणसांना प्रत्येक चांगल्या कामात खोट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

१२ सप्टेंबर

उद्घाटन. दुसऱ्या मजल्याच्या कॉन्फरन्स रूममध्ये माझं भाषण, पन्नास मिनिटं. सांगितलं की आमच्या कॉन्व्हेंट शाळेत बाकाखाली पेन्सिलीचं टरफल सापडलं तर सिस्टर पूर्ण वर्गाला उभं करायच्या, आणि त्यातूनच आम्ही घडलो. लोक अगदी भारावून गप्प बसले होते. दोघांनी तर डोळे मिटून ऐकलं. शेवटी शपथ घेतली, सह्या केल्या, केक खाल्ला.

केकच्या कागदी डिशा, उरलेल्या केकसकट, एकशे दहा जणांनी निळ्या डब्यात टाकल्या. मी डब्याशेजारीच उभी होते. टायवाला तर माझं अभिनंदन करता करता टाकून गेला. म्हणाला, मॅडम, व्हेरी इन्स्पायरिंग.

पहिला दिवस आहे. चालायचंच.

१५ सप्टेंबर, रात्री

वरच्या मजल्यांची पाहणी. लिहायला हात धजत नाही. चौथा मजला, हिरवा डबा: चार्जर, फुटलेला कप, चहात तरंगणारं कॅलेंडर. पाचवा मजला, लाल डबा, घातक वस्तूंचा: केळीची सालं. सहावा मजला, माझा स्वतःचा मजला: चारही डबे एकात एक घालून कोपऱ्यात, वर कुंडी. मी एकेकाला धरून सुनावलं. जिराफासारखी मान वर करून काय बघता, म्हटलं, डबा खाली आहे. लोक सॉरी मॅडम म्हणतात आणि मी वळले की हसतात. मला मागे डोळे आहेत, हे त्यांना माहीत नाही.

उद्या सकाळी गाडी. ती रिकामी जाणार, आणि त्या बिचारीचं काय होणार! पावणेपाचची बस पकडून घरी आले.

१६ सप्टेंबर

चमत्कार! सकाळी नऊला तळघरात गेले तर ओला वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, वायरी वेगळ्या. पुठ्ठे सुतळीने बांधलेले. कागदी कप धुऊन एकात एक, अगदी पानाच्या देठासारखे सरळ. गाडीवाल्याने सगळं उचललं आणि शिट्टी वाजवली.

हे कसं झालं यावर बसमध्ये विचार केला आणि उत्तर सापडलं. माणूस कचरा टाकतो तेव्हा घाईत असतो. माझं बोलणं त्याला लागतं ते नंतर. मग ऑफिस सुटायच्या वेळी, सगळे गेल्यावर, तो गुपचूप परत जातो आणि आपली चूक सुधारतो. सिस्टर म्हणायच्याच, विवेक हळू चालतो पण पोचतो. मी या प्रकाराला "पश्चात्तापाचा अवधी" असं नाव दिलं आहे.

यांना सांगितलं. हे म्हणाले, आणि ती तळघरातली बाई काय करते? मी म्हटलं, पिशव्या बांधते. हे हं म्हणाले. यांचं हं मला कधीच आवडलेलं नाही.

२२ सप्टेंबर

सलग सहा दिवस तसंच. वर संध्याकाळी उकिरडा, खाली सकाळी देऊळ. पश्चात्तापाचा अवधी सरासरी चौदा तास. आलेख काढला. हिरव्या पेनने.

मावशी हल्ली जांभया फार देते. अंगठ्याला चिंधी बांधलेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काच लागली, बाई, फुटक्या कपांचं जरा वर सांगा ना. मी म्हटलं, आणखी आठ दिवस थांबा, लोक स्वतःच शिकताहेत. ती म्हणाली, बाई, हे आपोआप नाही होत हो. मी म्हटलं, अगदी बरोबर! आपोआप काहीच होत नाही, त्यामागे प्रबोधन लागतं. तिने परत सुतळी हातात घेतली.

तरी तिला कळतं ते बरंच म्हणायचं. मोज्यांचं विसरले. त्याऐवजी "माझी इमारत, माझी जबाबदारी" हा बिल्ला दिला. तिने पदराला लावला, सरळ दिसतोय का म्हणून विचारलं.

१ ऑक्टोबर

पालिकेचा इन्स्पेक्टर आला, सकाळी नऊला. तळघर बघून त्याने टोपी काढली. अख्ख्या शहरात अशी बिल्डिंग नाही म्हणाला. प्रमाणपत्रासाठी शिफारस करणार. सेक्रेटरीने माझ्यासमोर त्याला सांगितलं की सगळं श्रेय मॅडमचं. मी म्हटलं, नाही नाही, माझ्या फलकांचं.

मावशीला कोणीतरी भिंतीकडे सरक म्हणालं, फोटोत बादली येत होती म्हणून.

तिचा विचार मात्र डोक्यातून जाईना. लोक जर जागच्या जागी एवढं नीट वेगळं करताहेत, तर या बाईला त्या कोंदट खोलीत डांबून ठेवायचं कशाला? तिच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे. केलं नाही तर शिकले कशाला?

६ ऑक्टोबर

अहवाल पूर्ण. एकोणतीस पानं, आलेखासकट, सोळा प्रती. एकाच बाजूला छापल्या, पाठपोट छापलेला अहवाल भिकार दिसतो. कलम सात मला स्वतःला फार आवडलं, इथे उतरवून ठेवते: "इमारतीतील कर्मचारी आता कचरा जागीच वेगळा करीत असल्याने तळघरातील कामाची आवश्यकता उरलेली नाही. संबंधित महिलेस प्रवेशदालनात, स्वच्छ गणवेशात, सन्मानाने बसवावे. रिकाम्या होणाऱ्या खोलीत हरित माहिती केंद्र उघडावे."

मावशीला सांगितलं नाही. सरप्राइझ.

१४ ऑक्टोबर

कमिटीने अहवाल एकमताने मंजूर केला! वाचला का, विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, मॅडम, तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय त्यात? विश्वास असावा तर असा.

२० ऑक्टोबर

आज मुद्दाम समोरच्या दाराने गेले. मावशीची खुर्ची बघायला. खुर्ची होती. खुर्चीवर सिक्युरिटीवाल्याची टोपी होती.

तळघरातली खोली रिकामी. भिंतीवर खिळा, खिळ्याला तो बिल्ला.

सेक्रेटरीकडे गेले. म्हणाला, ठेकेदाराने कमी केलं तिला, शनिवारपासून. तुमच्या रिपोर्टप्रमाणे. मी म्हटलं, माझ्या रिपोर्टप्रमाणे ती खुर्चीवर असायला हवी. त्याने फाइल काढून दाखवली. कलम सात, पहिलं वाक्य: मंजूर. दुसरं वाक्य: विचाराधीन. तिसरं: सायकल स्टँड करावा.

शिवाय म्हणाला की खुर्चीची ड्यूटी नऊ ते सहा असते, ती कशी करणार होती? तिला अकराला घरी जावं लागतं ना? मला हे त्याने सांगावं!

छोटासा प्रशासकीय घोटाळा आहे. आठवड्यात निस्तरते.

२१ ऑक्टोबर, सकाळी ९

तळघरात काळ्या पिशव्यांचा डोंगर. बांधलेली एक नाही. चहाचा ओघळ पंपापर्यंत. गाडीवाल्याने आत डोकावून बघितलं, नाक दाबलं, निघून गेला.

सुट्ट्या लागून आल्या होत्या. लोकांची सवय मोडली असणार. पश्चात्तापाचा अवधी लांबला असावा.

२२ ऑक्टोबर

अवधी अजून लांबला.

२३ ऑक्टोबर

मजल्यामजल्यावर जाऊन विचारलं की तुम्ही संध्याकाळी परत येऊन कचरा वेगळा करत होतात, ते का थांबवलंत? लोक माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय. टायवाला म्हणाला, मॅडम, आम्ही? मग शेजारच्या मुलीला विचारलं, तू करायचीस का गं? ती म्हणाली, मला वाटलं, मॅडमच करतात.

चोरून केलेलं पुण्य माणूस कबूल करत नाही. त्यांना करताना पकडायला हवं.

२४ ऑक्टोबर

पहिल्या बसने आले. काल संध्याकाळी कोणी डब्यांकडे फिरकलं नव्हतं (मी आठपर्यंत जिन्यात बसले होते, यांचे दोनदा फोन आले), म्हणजे लोक पहाटे येत असणार. पहिल्या मजल्यावर कुंडीमागे उभी राहिले. सहा. साडेसहा. सात. कोणी नाही.

सिक्युरिटीवाला वर आला. बाई, कोणाची वाट बघता? सांगितलं. तो हसला नाही, त्याचंच वाईट वाटतं. म्हणाला, बाई, कोण येतंय. मावशी यायची. पूर्वी सहाला यायची, तुमचे डबे आल्यापासून चारला यायला लागली. सगळ्या पिशव्या जमिनीवर उपड्या करायची आणि एक एक उचलायची. मी म्हणायचो, अगं, वरच्यांना सांग की. ती म्हणायची, बाई केवढ्या खुश असतात, राहू दे.

सिक्युरिटीवाल्याला काही सगळंच माहीत असतं असं नाही.

घरी आले. आलेख काढून बघितला. चौदा तास. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. बरोबर आहे आलेख. त्याच्यात चूक काहीच नाही.

२६ ऑक्टोबर

सिक्युरिटीवाल्याकडून पत्ता घेऊन मावशीच्या घरी गेले. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने परत जावं. एकच खोली. खिडकीशी खाट, खाटेवर म्हातारी. मावशी बाहेर जायच्या घाईत होती, तरी तिने मला खुर्ची दिली. या वेळी बसले.

तिला दुसरीकडे काम मिळालं आहे. मोठं दुकान आहे, तिथली फरशी. सकाळी नऊ ते रात्री नऊ. मी विचारलं, मग अकराला? म्हणाली, निघताना भरवते नि बाहेरून कुलूप लावते, ती भांबावते ना, दार उघडं राहिलं की सरपटत निघते. दुपारी शेजारीण खिडकीतून बघते. भरवायला कोणी गेलं की तोंड मिटून घेते. रात्री आले की खाते. दहा वर्षांची अकराची सवय आहे बाई, पोटाला कळत नाही.

मी म्हटलं, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलंत? ती म्हणाली, सांगितलं की.

मग तीच मला समजवायला लागली. तुमचा काय दोष, तुम्ही माझं भलंच बघितलंत. म्हातारीने मध्येच विचारलं, कोण आलंय? मावशी म्हणाली, आमच्या मोठ्या बाई आहेत, डबेवाल्या.

निघताना मी म्हटलं, आठ दिवसांत परत घेतात की नाही बघा. मी आहे ना. तिने चपला पायात सरकवल्या. हे वाक्य मी तिला आधीही म्हटलं होतं, ते बसमध्ये आठवलं.

२९ ऑक्टोबर

ठेकेदाराला भेटले. म्हणाला, पोस्टच उडाली मॅडम, माणूस ठेवू कशावर? कमिटीचा ठराव आणा.

३० ऑक्टोबर

सेक्रेटरीला भेटले. सांगितलं की माझा अहवाल चुकीचा आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतही हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. तो म्हणाला, असं कसं, पालिकेने त्याच्यावर शिक्का मारलाय. आता रिपोर्ट खोटा म्हटलं तर प्रमाणपत्र गेलं आणि वर चौकशी. ठराव बदलायचा तर वार्षिक सभा, ती मार्चमध्ये. आणि मॅडम, कचऱ्याचं टेन्शन घेऊ नका, तो प्रश्न सुटलाय.

सुटलाय तो असा: रोज संध्याकाळी मागच्या गेटने एक खासगी ट्रक येतो. सगळं एकत्र भरतो, वर ताडपत्री ओढतो आणि जातो. कुठे, ते कोणी विचारत नाही. बत्तीस डबे मात्र जागच्या जागी राहणार आहेत. लोकांना रंग आवडतात.

अठरावं पत्र लिहायला घेतलं. कोणाला पाठवायचं ते सुचेना.

४ नोव्हेंबर

प्रमाणपत्र आलं. काचेची फ्रेम, बबल रॅपमध्ये, रॅप खोक्यात. लॉबीत लावलं, त्या खुर्चीच्या बरोबर वर. टायवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि बबल रॅपचे फुगे फोडत लिफ्टमध्ये गेला.

५ नोव्हेंबर, सकाळी ६

ठरवलं, मीच करते. आठ मजल्यांचा कचरा. एक बाई करत होती, दुसरी का नाही करणार? काल संध्याकाळी निघताना सिक्युरिटीवाल्याला सांगून पिशव्या अडवून ठेवल्या होत्या. कमरेला दुपट्टा बांधला, यांचे बागेतले मोजे घातले.

त्याच दिवशी, सकाळी ११

दीड मजला झाला. पाठ सरळ होत नाही. क्रेटवर बसून लिहिते आहे. सिक्युरिटीवाल्याने रिक्षा बोलावली आहे. भिजलेला कागद खरंच मेलेला असतो. हाताला लागला की कळतं. डब्यात चहा ओतू नका, एवढंच सांगायचं होतं वरच्यांना. चौसष्ट फलकांत ते कुठेच नाही.

७ नोव्हेंबर

दोन दिवस अंथरुणात. शेक, बाम. पडल्या पडल्या स्वयंपाकघर दिसतं. सकाळी यांना बघितलं. हे निळ्या डब्यातून माझी चहाची पिशवी काढत होते. झटकली, हिरव्यात टाकली. मग हिरव्यातून माझ्या गोळ्यांचं पाकीट काढलं, पुसलं, निळ्यात टाकलं. काही विशेष करतोय असं तोंडावर काही नाही.

विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, डबे दोन झाले तेव्हापासून. म्हणजे सहा वर्षं. आपल्या घरात कचरा शिस्तीत असतो हे मी चारचौघांत सांगत होते; भाषणातही सांगितलं होतं, तिसाव्या मिनिटाला. मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीत ते? हे म्हणाले, बोललो की. दोनदा.

१० नोव्हेंबर

मोज्यांचा जोड आणला. दोन्ही पिवळे, एक उजवा, एक डावा, दुकानात घालून बघितले. मावशीच्या घरी पोचले तेव्हा अकराला पाच कमी. दाराला कुलूप. खिडकीतून म्हातारी म्हणाली, आलीस? मी म्हटलं, ती नाही, मी, मोठ्या बाई. ती म्हणाली, अकरा वाजले का? मी म्हटलं, वाजतील आता. ती दाराकडे बघत राहिली. मीही बघत राहिले, कुलपाच्या बाजूने.

मोजे गजांतून आत सरकवले. खिडकी नीट पाहून आले आहे: गजांतून हात कोपरापर्यंत जातो. वाटी जात नाही. चमचा जातो. खाट खिडकीला लागूनच आहे.

संकल्प: उद्यापासून रोज, अकराच्या ठोक्याला, मऊ भात. तूप घालून. मावशीला आधी विचारायला नको, सरप्राइझ... नाही. शेजारणीला सांगून मावशीला फोनवर विचारलं. निरोप आला, बघा प्रयत्न करून, बाई. यांनी डबा काढून ठेवला आहे, गरम राहणारा.

माणसं ओळखते म्हातारी. आज माझ्याशी बोलली. मला वाटतं, खाईल.

११ नोव्हेंबर

अकराला बरोबर पोचले. चमचा आत घातला. म्हातारीने आधी चमच्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. सून आली की खाईन, म्हणाली. बाराला परत धरला. एकला परत. हाताला रग लागली. शेजारीण म्हणाली, जा हो बाई आता, उन्हात उभ्या आहात.

भरलेला डबा घेऊन घरी आले.

भात थंड झाला होता. ओल्यात टाकला, हिरव्या डब्यात. हे बघत होते. उठून काढायला आले नाहीत, म्हणजे बरोबर टाकला असावा.